परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचंय? आधी तुझा भार कोण उचलणार ते विचार

दापोली तालुक्यातल्या एका एकवीस वर्षांच्या मुलाने मला विचारलं आहे: "ताई, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. दोन वर्षं एनएसएस केलं. कासवांच्या कामासाठी दोन आठवडे कोस्टा रिकाला स्वयंसेवक म्हणून नेणारी एक कंपनी सापडली आहे. फी १ लाख ९० हजार, विमानाचं तिकीट वेगळं. बाबा आंब्याच्या बागेवर कर्ज काढायला तयार आहेत. एकदा तरी बाहेर जाऊन काहीतरी चांगलं काम करायचं आहे. जाऊ का?"

आधी उत्तर देते, मग कारणं. या दोन आठवड्यांसाठी बागेवर कर्ज काढू नकोस. बाहेर मात्र जरूर जा. वर्ष-दोन वर्षं उशिरा गेलास तरी चालेल, पण जास्त दिवसांसाठी जा आणि कमी पैशांत जा.

मी गुहागर तालुक्यातली. २०१३ साली, चोविसाव्या वर्षी, उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावर एक वर्ष स्वयंसेवक म्हणून राहिले. परत आल्यापासून दोन्ही बाजूंचं काम करते. बाहेरून आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या मुलामुलींची गावात सोय लावून देते आणि आपल्याकडच्या मुलांची बाहेर जायची तयारी करून घेते. त्यामुळे पाहुणा होणं काय असतं तेही मला ठाऊक आहे आणि पाहुण्याला सांभाळणं काय असतं तेही.

तू विचारलंस ‘जाऊ का’, पण मला त्याच्या पोटात दुसराच प्रश्न दिसतो. नवखा माणूस कुठल्याही कामावर आला की सुरुवातीला तो काम करत नाही, काम वाढवतो. त्याला शिकवावं लागतं, जेवूखाऊ घालावं लागतं, आजारी पडला तर दवाखान्यात न्यावं लागतं, त्याची भाषा कोणीतरी समजून घ्यावी लागते. हा भार कोणाच्या तरी खांद्यावर पडतोच. तो कोण उचलणार, आणि तू इतका काळ राहणार आहेस का की तो भार तुझ्या हातून फिटेल? परदेशी स्वयंसेवेची कुठलीही योजना मी याच प्रश्नावर घासून बघते.

काही गोष्टी मात्र मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुमच्या घरात दोन पैसे बाजूला आहेत की सगळं आंब्याच्या मोसमावर आहे, तुझ्या पाठची भावंडं शिकताहेत का, तुला एम.एस्सी. करायचं आहे की नोकरी, नवी भाषा तुला पटकन येते की नाही, तब्येत कशी आहे, यावर बरंच काही अवलंबून आहे. घरची परिस्थिती भक्कम असेल आणि एवढी रक्कम सहज जाणारी असेल, तर दोन आठवडे जाऊन येणाऱ्याला मी अडवत नाही. फक्त त्याला ‘शिकायला आणि बघायला गेलो होतो’ असं म्हणायला सांगते. ‘मदत करायला गेलो होतो’ असं म्हणायचं नाही. कर्ज काढून जाणाऱ्याचा हिशोब वेगळा असतो.

आता कासवांचंच बोलू. तू दापोलीचा, म्हणजे आंजर्ले आणि वेळासचे कासवांचे किनारे तुझ्या अंगणातलेच. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. आज किनाऱ्याकिनाऱ्यावर कासवमित्र आहेत. नोव्हेंबर ते मार्च हे लोक पहाटेच्या अंधारात किनारा चालतात, वाळूवरचा माग बघतात, घरटं शोधतात आणि शंभराच्या आसपास अंडी काढून कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या, तशाच सुरईसारख्या खड्ड्यात ठेवतात. अंडं काढताना जसं होतं तसंच ठेवायचं, उलटं करायचं नाही, नाहीतर आतला जीव जातो. मग पंचेचाळीस ते साठ दिवस वाट बघायची. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे अंड्यांना कोणी हात लावायचा हे वनविभागाच्या परवानगीने ठरतं. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाच्या हातात वही, टेप आणि बॅटरी असते.

काही वर्षांपूर्वी युरोपातली एकोणीस वर्षांची एक मुलगी माझ्यामार्फत पंधरा दिवसांसाठी आली होती. मन लावून काम करणारी, कुठल्याच कामाला नाही न म्हणणारी. पहिले तीन दिवस झोपेची वेळ आणि पोट ठिकाणावर येण्यात गेले. ज्या घरात ती उतरली होती तिथल्या काकींनी तिच्यासाठी बिनतिखटाचा स्वयंपाक वेगळा केला. सहाव्या रात्री आम्ही गस्तीला होतो. मादी प्रत्यक्ष वर चढताना दिसणं हे आपल्याकडे नशीबच. आम्ही माग शोधायला जातो, कासव बघायला नाही. त्या रात्री ती दिसली. लाटेच्या फेसातून एक काळा गोटा बाहेर आला, थांबला, पुन्हा सरकला. सगळे जागच्या जागी खाली बसले. त्या मुलीला इतका आनंद झाला की तिचा हात आपसूक कपाळावरच्या बॅटरीकडे गेला आणि पांढरा उजेड सरळ कासवावर पडला. मादी थांबली. मग वळली आणि आली तशी पाण्यात गेली.

कासवमित्र एक शब्द बोलला नाही. त्याने तिच्या कपाळावरची बॅटरी बंद केली आणि पुढे चालू लागला. मुलगी वाळूत बसून रडली. ती मादी दुसऱ्या ठिकाणी किंवा दुसऱ्या रात्री चढली असेल, असं मी तिला सांगितलं, आणि तसं होतंही. पण पुढच्या दोन रात्री तो माणूस एक फेरी जास्त मारत होता. बाराव्या दिवशी त्या मुलीला माग वाचता येऊ लागला. चढणीचा कुठला, उतरणीचा कुठला, आणि अंडी न घालताच मादी परत फिरली तो माग कसा दिसतो, हे ती न चुकता सांगायची. पंधराव्या दिवशी तिची गाडी होती. तिला सोडून आल्यावर तो मला म्हणाला, "ताई, पोरगी गुणाची होती. पण मी शिकवून तयार करेपर्यंत हिची जायची वेळ होते. आता पुढचा येईल, त्याला पुन्हा पहिल्यापासून."

ही मुलगी वाईट नव्हती आणि तिला आणणारी मीही वाईट हेतूने वागले नव्हते. पंधरा दिवसांचं गणितच असं असतं. त्या मोसमानंतर मी कासवांच्या कामासाठी दोन महिन्यांपेक्षा कमी दिवसांचं कोणाला घेतलं नाही. पंधरा दिवसांसाठी येणाऱ्यांना सांगते, पाहुणे म्हणून या, गावात राहा, राहण्या-जेवणाचे पैसे घरांना द्या, महोत्सव बघा. तेही गावाच्या उपयोगाचंच आहे.

कोस्टा रिकात तू असशील त्या मुलीच्या जागी. तिथल्या पॅसिफिक किनाऱ्यावर, ओस्तिओनालला, हजारो ऑलिव्ह रिडले एकाच वेळी वर येतात. म्हणजे अर्ध्या जगाला वळसा घालून तू तुझ्याच किनाऱ्यावर येणाऱ्या जातीचं कासव बघणार. कॅरिबियन बाजूला तोर्तुगेरोला हिरवी कासवं येतात आणि तिथे १९५० च्या दशकापासून अभ्यास चालू आहे. ही मोठी, मुरलेली कामं आहेत. अशा काही ठिकाणी थोड्या दिवसांच्या स्वयंसेवकांसाठी नीट बसवलेली व्यवस्था असते आणि त्यांच्याकडून घेतलेल्या पैशांवर गस्त चालते. म्हणून फी घेतली की फसवणूक झाली असं मी म्हणणार नाही. ग्रीसमध्ये १९८३ पासून समुद्री कासवांसाठी काम करणारी आर्केलॉन संस्थाही स्वयंसेवकांकडून सहभागशुल्क घेते. प्रश्न इतकाच की तुझे पैसे किनाऱ्यावर पोचतात की मधल्या दुकानात राहतात.

ते कळायला अवघड नाही. कंपनीला विचार, किनाऱ्यावरच्या संस्थेचं नाव काय. नाव मिळालं की त्या संस्थेला स्वतः मेल टाक: मी थेट तुमच्याकडे आलो तर किती दिवस राहावं लागेल, किती खर्च येईल, आणि तुमच्याकडे सध्या माणसाची गरज आहे का? त्यांनी सांगितलेला आकडा आणि कंपनीचा आकडा शेजारी ठेव. मधला फरक कंपनीकडे राहतो. कंपनी नावच सांगायला तयार नसेल, ‘पैसे भरल्यावर कळवू’ म्हणत असेल, तर तिथेच थांब. आणखी एक विचार: पूर्वी जाऊन आलेल्या दोघांशी बोलता येईल का? जाहिरातीतल्यांशी नाही, मी निवडेन त्या वर्षातल्या दोघांशी.

आपल्या बाजूच्या माणसाला हे शिकवायची खरं तर गरज नाही. आपल्या प्रत्येक वाडीतलं कोणी ना कोणी आखातात आहे. कोणी जायचं म्हटलं की घरातली माणसं काय काय विचारतात आठव: एजंट नोंदणीकृत आहे का, व्हिसा कसला, कंपनी कुठली, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात राहणार, तिथे आपलं कोण आहे? नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटावर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याचं बंधन आहे, सरकारकडे नोंदणी लागते, फीला मर्यादा आहे. ‘स्वयंसेवा’ विकणारा मात्र बहुतेक वेळा सहल विकत असतो. त्यामुळे आखातातल्या नोकरीला जे प्रश्न विचारतो ते इथे दुप्पट कडकपणे विचारायला हवेत. चांगल्या कामाला निघालोय म्हणून आपण नेमके तेच विचारत नाही.

व्हिसाचं एक पक्कं डोक्यात ठेव. बिनपगारी काम हेही बऱ्याच देशांत कामच धरलं जातं. ‘टूरिस्ट व्हिसावर चल, विमानतळावर फिरायला आलोय म्हणून सांग’ असं जो म्हणेल त्याच्यासमोरून उठून ये. पकडला गेलास तर परत पाठवतील आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात ते लिहावं लागेल. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थेतल्या बिनपगारी कामासाठी वेगळा व्हिसा आहे, जास्तीत जास्त बारा महिन्यांचा, आणि परवानाधारक संस्थेने तुला पुरस्कृत केल्याशिवाय तो मिळत नाही. कोस्टा रिकाचंही आधी तपास. भारतीय पासपोर्टला तिथला व्हिसा लागतो, आणि अमेरिकेमार्गे गेलास तर नुसतं विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. १ लाख ९० हजारांत हे काहीच धरलेलं नसणार.

माझं वर्ष कसं गेलं ते सांगते, म्हणजे ‘जास्त दिवस’ म्हणजे काय ते कळेल. जर्मनीत स्वयंसेवेचं वर्ष अशी सरकारमान्य पद्धत आहे. त्याचा एक प्रकार सामाजिक कामाचा, एक पर्यावरणाचा, आणि २०११ पासून तिथल्या केंद्र सरकारची एक योजना. पहिल्या दोन प्रकारांत सत्तावीस पूर्ण व्हायच्या आत ते वर्ष सुरू करायचं असतं. हातखर्च आणि विमा यजमान संस्था बघते, बऱ्याच ठिकाणी राहण्याचीही सोय असते, लेखी करार होतो, आणि बारा महिन्यांत पंचवीस दिवस शिबिरांचे असतात. तिकडे वाडन समुद्र म्हणून उथळ समुद्रपट्टा आहे. ओहोटीला पाणी मैलोन् मैल मागे जातं आणि सगळा चिखल उघडा पडतो. २००९ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. मी तिथल्या एका निसर्ग केंद्रात होते.

पहिले सहा आठवडे माझा कोणालाही काही उपयोग नव्हता. जर्मन मोडकं होतं. पाहुण्यांना चिखलावरून फिरवून माहिती द्यायची हे मुख्य काम, आणि तेच मला येत नव्हतं. मी मत्स्यपेट्या घासल्या, तिकिटं फाडली, बूट धुऊन ओळीत लावले. माझ्या वरच्या बाई रोज संध्याकाळी अर्धा तास माझ्याशी मुद्दाम सावकाश जर्मन बोलायच्या. तो अर्धा तास त्यांच्या घरच्या वेळातला होता. माझा भार तो असा त्यांच्यावर होता. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडायचा. घरच्या गणपतीच्या आरतीचं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग मी त्या दिवसांत किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. ऑगस्टात गेले होते, त्यामुळे त्या वर्षी गणपतीलाही नव्हते आणि पुढे शिमग्यालाही नव्हते. कोकणातल्या मुलाला हे आधी सांगावंच लागतं, कारण घरची माणसं पैशांपेक्षा या गोष्टीवर जास्त अडतात.

मी उपयोगाची कधी झाले तेही आठवतंय. तिथे दर पंधरवड्याला, मोठ्या भरतीच्या वेळी पक्षी मोजतात. पाणी चढलं की चिखलावर विखुरलेले पक्षी काठाला गोळा होतात, म्हणून मोजायला तीच वेळ. सगळे वेळापत्रकाचा तक्ता बघायचे. मी चंद्र बघून सांगितलं की आज उधाण आहे, पाणी तक्त्यापेक्षा वर येईल, वारा समुद्रावरून आहे, बंधाऱ्याच्या आतल्या बाजूला उभं राहू. तसंच झालं. भांग (म्हणजे लहान भरतीचे दिवस) आणि उधाण मला कोणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरी मासळीला जायचं तर पंचांग बघूनच जातात. त्या दिवशी दुर्बिणीत पहिला पक्षी दिसला तो कालवफोड्या, लाल लांब चोचीचा, आपल्याकडे थंडीत किनाऱ्यावर येतो तोच. माझ्या घरचं कोणीतरी भेटल्यासारखं वाटलं. त्यानंतर बाई मला मोजणीला सोबत नेऊ लागल्या. जानेवारीत मी पहिल्यांदा वीस पाहुण्यांचा गट एकटीने जर्मनमधून फिरवून आणला. तेव्हापासून ऑगस्टपर्यंत सात महिने मी त्या संस्थेचं खरं काम केलं आणि माझा भार फेडला.

तिथून मी एक गोष्ट घरी आणली. किनाऱ्याची ठरावीक शंभर मीटरची पट्टी आखायची, वर्षातून चार वेळा तिच्यावरचा कचरा एकेक तुकडा मोजून प्रकारानुसार लिहायचा. ‘किनारा स्वच्छ करू’ असं सगळेच म्हणतात. पण काय, किती आणि कुठून येतंय हे लिहून ठेवलं की ग्रामपंचायतीसमोर बोलता येतं. आमच्या मोजणीत मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यांचे तुकडे इतके निघाले की बंदरातल्या मंडळींनीच तुटकी जाळी टाकायला जागा ठरवून घेतली. दोन आठवड्यांत मी ही पद्धत बघितली असती, शिकले नसते.

आता तुझ्यासाठी वाटा कुठल्या? माझ्या मते सगळ्यात चांगली जर्मनीची, कारण तुझं वय बसतं, विषय बसतो आणि फी नाही. विमानाचं भाडं बहुतेक वेळा आपलं असतं. जर्मन सरकारच्या वेल्टवेर्ट्स योजनेत भारतातून तिकडे जाणाऱ्यांसाठीही जागा असतात. त्यात प्रवासखर्चही निघतो, पण भारतातल्या भागीदार संस्थेमार्फत जावं लागतं. अडचण एकच, भाषा. निदान ए-२, खरं तर बी-१ पातळी हवी. मॅक्स म्युलर भवन पुण्यात आणि मुंबईत आहे, ऑनलाइन वर्गही असतात. हल्ली ‘जर्मनीत स्वयंसेवेची जागा मिळवून देतो’ म्हणून लाखभर मागणारे एजंटही निघाले आहेत. ती जागा फुकट असते. तिच्यासाठी अर्ज करायला मेल आणि धीर लागतो.

संयुक्त राष्ट्रांचं स्वयंसेवक खातं १९७० मध्ये सुरू झालं. त्यात १८ ते २६ वयाच्या तरुणांसाठी वेगळा गट आहे, निर्वाहभत्ता मिळतो आणि अर्जाला एक पैसाही लागत नाही. स्पर्धा मोठी आहे, तरी नोंदणी करून ठेव. त्यांचं ऑनलाइन स्वयंसेवेचं कामही आहे, घरबसल्या भाषांतर, तक्ते, नकाशे. दापोलीत बसून करता येईल असं आणि पुढच्या अर्जात दाखवता येईल असं हे काम आहे. युरोपियन सॉलिडॅरिटी कोअरच्या जाहिराती तुला दिसतील, सगळा खर्च तेच करतात असं लिहिलेलं असेल. ते खरं आहे, पण ती योजना युरोपीय संघातल्या आणि त्याच्याशी जोडलेल्या ठरावीक देशांतल्या तरुणांसाठी आहे. भारतात राहणाऱ्याने त्यात वेळ घालवू नये.

दोन-तीन आठवडेच जमणार असतील तर श्रमशिबिरं बघ. वेगवेगळ्या देशांची दहा-पंधरा मुलं एकत्र राहतात, भिंत बांधतात, पायवाट करतात, स्वयंपाक करतात. शुल्क थोडं, प्रवास आपला. ही परंपरा १९२० ची. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधल्या व्हर्दूंजवळ स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी पहिलं शिबिर भरवलं आणि त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः भारतात येऊन गावं पुन्हा उभी करायच्या कामाला लागले होते. अशा शिबिरात तू कोणाचं भलं करतोस असा आव कोणी आणत नाही. एकत्र राबायचं आणि एकमेकांना ओळखायचं, एवढंच. म्हणून कमी दिवसांसाठी मला तीच प्रामाणिक वाटतात.

एका बाबतीत मी परिस्थितीवर काही सोडत नाही. अनाथाश्रमात मुलांना शिकवायला किंवा खेळवायला आठवड्या-दोन आठवड्यांसाठी जाऊ नकोस, कुठल्याही देशात. नेपाळ आपल्याला जवळचा, व्हिसाही लागत नाही, म्हणून तिथल्या जाहिराती आपल्या मुलांना फार येतात. २०१५ च्या भूकंपानंतर त्या वाढल्या. अशा कित्येक आश्रमांतल्या मुलांचे आईवडील हयात असतात. पैसे देणारे पाहुणे येतात म्हणून गावांतून मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी हा प्रकार आधुनिक गुलामगिरीतच धरला. त्या मुलाच्या बाजूने बघ. दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा येतो, जीव लावतो आणि निघून जातो. ज्या संस्थेत तुझी पोलीस पडताळणी न मागता तुला मुलांजवळ सोडतात, ती संस्था तुझ्याआधी आलेल्यालाही तशीच सोडत होती.

दुसरं टोकही सांगून ठेवते. सगळंच फुकट, तिकीटही तेच पाठवणार, थायलंड किंवा कंबोडियाला ‘डिजिटल स्वयंसेवक’ हवेत, असा मेसेज आला तर उत्तरही देऊ नकोस. त्या भागात आपली मुलं नेऊन त्यांना कोंडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावल्याचे प्रकार २०२२ पासून उघड झाले आहेत आणि परराष्ट्र मंत्रालयाने इशाराही दिला होता. कुठेही गेलास तरी पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा. मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरून तक्रार कशी करायची हे जाण्याआधीच घरच्यांना दाखवून ठेव.

तू लिहिलंस, ‘काहीतरी चांगलं काम करायचं आहे’. ही ओढ खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. ते डॉक्टर होऊन गेले, चिनी भाषा शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले तोपर्यंत काम करत राहिले. सगळ्यांनी तेवढं करावं असं नाही. पण हातात कसब, तोंडात तिथली भाषा आणि गाठीला वेळ, या तीन गोष्टी त्यांच्याकडे होत्या म्हणून त्यांची मदत झाली. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं त्यानंतरच्या आठवड्यात मी तिथे होते. मदतीला माणसं लोटली. जुन्या कपड्यांचे ढीग नंतर आम्हालाच उचलावे लागले. पण दोन वायरमन स्वतःचा डबा आणि हत्यारं घेऊन आले, एका आळीत शिरले आणि घराघरातले बोर्ड तपासत गेले. कोणाला काही विचारावं लागलं नाही. तुझं कसब काय असेल याचा विचार कर. प्राणिशास्त्राच्या मुलाला ते मिळवायला दापोलीसारखी जागा नाही.

म्हणून माझा बेत असा. यंदाच्या नोव्हेंबरापासून मार्चपर्यंत जवळच्या किनाऱ्यावरच्या कासवमित्राबरोबर चाल. वनविभागाला आणि तिथल्या संस्थेला आधी विचारून, परीक्षा सांभाळून, आठवड्यातून दोन पहाटा. पूर्ण मोसम एक वही लिही: तारीख, जागा, अंडी, खड्ड्याचं तापमान. वाळू जास्त तापली की माद्या जास्त निघतात, हे तू पुस्तकात वाचलं असशील, स्वतःच्या वहीत बघ. ती वही म्हणजे तुझी शिफारस. परदेशातल्या संस्थेला एनएसएसच्या प्रमाणपत्रापेक्षा ती जास्त पटेल. त्याच वेळी जर्मन सुरू कर. पासपोर्टचा अर्ज आत्ताच टाक, साधी फी १,५०० रुपये आहे.

परीक्षा झाली की देशातल्या देशात एकदा परका होऊन बघ. साने गुरुजी तुझ्याच तालुक्यातल्या पालगडचे. एका प्रांतातल्या मुलांनी दुसऱ्या प्रांतात जावं, तिथली भाषा शिकावी, ही त्यांची आंतरभारतीची कल्पना मला आजही परदेशवारीची सगळ्यात चांगली तयारी वाटते. मे महिन्यात सोमनाथला, चंद्रपूर जिल्ह्यात, बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी असते. विदर्भातल्या मे महिन्यात फावडं चालवलंस की तुझी तुलाच ओळख होईल. त्याच्या पुढच्या मोसमात जमलं तर ओडिशाला, ऋषिकुल्याच्या किनाऱ्यावर महिनाभर जा. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आमच्या गुहागरच्या वाळूत अंडी घालून गेली. तिने पार केलेलं अंतर तू रेल्वेच्या तिकिटात पार करशील. तिथे तुला उडिया येणार नाही, जेवण वेगळं असेल, कोणी ओळखीचं नसेल. ते जमलं तर जर्मनी जमेल. नाही जमलं तर ते रेल्वेभाड्यात कळलेलं बरं.

असं केलंस तर पुढच्याच्या पुढच्या ऑगस्टात तू निघू शकशील. तेव्हा तू तेवीसच्या आसपास असशील, वय हातात आहे. केनिया-युगांडासारख्या आफ्रिकेतल्या देशांकडे वळलास तर पीतज्वराची लस निघण्याच्या दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यायची. परत येताना तिचा दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावर अडवून विलगीकरणात ठेवतात. मुली हे वाचत असतील तर त्यांना एक जास्तीचं सांगते. राहायची खोली कोणाबरोबर आहे आणि यजमान संस्थेबाहेरचा एक माणूस, शक्यतो बाई, अडचणीत फोन करायला कोण आहे, हे करारात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर निघू नका.

बाबांना माझा एक निरोप दे. मुलासाठी बाग गहाण टाकायची तयारी दाखवणारा बाप मिळायला भाग्य लागतं, पण बाग आत्ता राहू द्या. त्याला पुढे विमानाच्या तिकिटाला मदत लागेल, ती करा, आणि एक वर्ष गणपतीला तो घरी नसेल, त्याची मनाची तयारी ठेवा.

आणि तू, नोव्हेंबरात पहिल्या गस्तीला निघशील तेव्हा बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद दोन पदरी लावून घे. पदर निसटू नये म्हणून वरून रबर बांध.